साळूआत्याची झाकणं

१ डिसेंबर २०२५, सोमवार

ही डायरी २०१४ सालची आहे. एका पतसंस्थेने फुकट दिली होती. त्या वर्षीचे आणि २०२५ चे वार तंतोतंत जुळतात हे मी तेव्हाच काढून ठेवलं होतं, म्हणून इतकी वर्षं ती ट्रंकेत जपली. लिहायला जानेवारीतच घ्यायची होती, पण लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि उगाच शाई घालवणं मला जमत नाही. आज घडलं.

चर्चच्या महिला मंडळाची सभा होती. नाताळच्या फराळाची वाटणी चालू होती. कुणी करंज्या, कुणी चकल्या, कुणी केक. माझं नाव आलं तेव्हा पाळकांची बायको अश्विनी गोड हसून म्हणाली, "मार्थाताई, तुम्ही फक्त प्रार्थना करा."

फक्त प्रार्थना. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. खोकला आणि दाबलेलं हसू यातला फरक मला डोळे मिटून कळतो.

मी कंजूष आहे असं या बायकांचं मत आहे. मी काटकसरी आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत दुसरी देत नसत, आणि आम्ही त्या नखाने इंग्रजी निबंध लिहिले. अश्विनीच्या मुलांनी अर्ध्या पेन्सिली कचऱ्यात टाकलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तर आजपासून नोंद ठेवणार. कोण कसं वागलं हे पुढेमागे कुणी विचारलं तर पुरावा हवा.

३ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी कलाबाईंनी भिंतीवरून डबा दिला. आमच्या दोघींच्या परसात छातीइतकी भिंत आहे. वीस वर्षांचा सगळा व्यवहार तिच्यावरूनच झाला. "गरम हाय तवर खा, बाई," म्हणाल्या. हुलग्याचे शेंगोळे होते. लसूण जरा जास्त. सगळे खाल्ले.

डबा घासून, पुसून कपाटात ठेवला. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, ही आईची शिकवण. मी आजवर कुणाचाही डबा रिकामा परत केलेला नाही. भरून द्यायचा तर काय द्यायचं? कलाबाईंना शुगर आहे. गोड देणं म्हणजे त्यांच्या जिवावर उठणं. तिखट द्यावं तर त्यांच्या हातासारखी चव माझ्या हाताला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. तेव्हा डबा जपून ठेवणं हेच शहाणपणाचं. अशाने मला भांडी विकत घेण्याची वेळच आली नाही, हा निव्वळ योगायोग. कपाटात अर्ध्या मंडळाची नावं कोरलेली आहेत. पूर्वी भांड्यावर नाव घालायला अक्षरामागे पैसे घेत. लोक ते का देत, देव जाणे. मी माझं नाव एका वाटीवरसुद्धा घातलेलं नाही.

जाता जाता कलाबाई म्हणाल्या, "अठ्ठावीसला टेम्पो येनार हाय, बाई. सम्राट पुन्याला न्यायला लागलाय. सून नोकरीला जाती, तान्ह्याला बघाया कोनी न्हाई."

"कायमच्या?"

"आता कायमचंच म्हनायचं."

मी म्हटलं, बरं झालं, तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांनी माझी दुपारची झोप मोडते.

"व्हय ना," त्या म्हणाल्या. "आता झोपा निवांत."

६ डिसेंबर, शनिवार

कलाबाई सकाळीच पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, ते दिवे लागल्यावर आल्या. दुपारभर शिट्टी नाही. मला अजिबात झोप लागली नाही. भिंतीपलीकडे दोनतीनदा पाहिलं, मांजर दुधाला तोंड लावतं म्हणून. दूध बाहेर नव्हतंच, हे नंतर लक्षात आलं.

१० डिसेंबर, बुधवार

लिहू की नको, असं तासभर झालं. पण नोंद म्हणजे नोंद.

दुपारी जेवून आडवी झाले होते. स्वयंपाकघरात भांडी वाजली. मांजर समजून काठी घेऊन गेले, तर ओट्याशी माझ्या स्टुलावर साळूआत्या बसलेली. साळूआत्या म्हणजे माझी सालोमी आत्या. हे घर तिचं. मला तिने वाढवलं, घर माझ्या नावावर केलं आणि १९९८ साली वारली. काडेपेटीतली काडी उभी चिरून दोन करणारी बाई. तिच्या मयतीला लोकांनी फार चांगलं बोलायचा प्रयत्न केला होता.

पदरात डब्यांचा ढीग, आणि एकेक झाकण लावून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मार्थे, हे झाकन कशाचं गं?"

"आत्या, तू गेलीस."

"म्हाईत हाय मला. गेले म्हनून तर ह्यो ताप. वर गेल्या गेल्या समदे डबे पुढ्यात टाकले. म्हनले, ज्याचा त्याला परत कर, झाकनासकट. डबे घावतात, झाकनं घावत न्हाईत. तवापासनं हेच करतीय."

"कोण म्हणालं?"

"तितं हाय एक भांडी मोजनारा. लई खाष्ट. तुज्यावानी."

मी म्हटलं, मेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात न विचारता येऊ नये. ती म्हणाली, "घर माजंच हाय." मी काठी खाली ठेवली. मग ती कपाटाकडे बघून हसली. तिला दात नव्हते, शेवटी कवळीही करून घेतली नव्हती. "माज्यापरीस तुजे जास्त झाले गं, पोरी. आताच बघून घे. नंतर सवड लई मिळती, पर झाकन मिळत न्हाई."

तेवढ्यात भिंतीपलीकडे शिट्टी झाली आणि स्टूल रिकामं दिसलं. स्टूल भिंतीजवळ असतं. ते ओट्याजवळ होतं. मीच सरकवलं असेल.

११ डिसेंबर, गुरुवार

परवाची आमटी काल संपवली त्याचा परिणाम. पित्त डोक्यात गेलं की माणसाला काहीही दिसतं.

कलाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काल दुपारी कोनाशी बोलत हुता, बाई?" मी म्हटलं, रेडिओ. "त्यो तर करोनापासून बंद हाय तुमचा," त्या म्हणाल्या. माणसाने दुसऱ्याच्या रेडिओची इतकी माहिती ठेवू नये.

१४ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये जाहीर झालं की गाणारी मंडळी तेवीसला आमच्या गल्लीत येणार. दर वर्षी मी त्या दिवशी लवकर दिवे मालवते. कंजूषपणा नव्हे. ढोलकीने माझं डोकं दुखतं, आणि गाणं झाल्यावर ते चहा-फराळाची वाट बघत उभे राहतात ते मला बघवत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा आली. आमटी आज ताजी होती.

या वेळी तिच्या हातात एकच डबा होता, उभा, पितळी कडीचा. त्यावर लिहिलेलं: सौ. शुभांगी राऊत. मी म्हटलं, तो खाली ठेव.

शुभांगी एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर होती. दुपारचं जेवण आम्ही रोज एकत्र जेवलो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तिने या डब्यातून पुरणपोळ्या आणल्या. इतक्या की झाकण बसेना, वर वर्तमानपत्र बांधून आणलं. डबा माझ्याकडेच राहिला. मग ती दर महिना-दोन महिन्यांनी फोन करायची. "मार्था, माझा डबा राहिलाय तुझ्याकडे. घेऊन ये की एकदा." दरवेळी तेच. मला फार अपमान वाटला. एका डब्यासाठी किती मागे लागायचं? माझ्यावर चोरीचा आळ? मी तीन मिनिटं झाली की फोन ठेवायचे. ट्रंक कॉलची सवय. पुढे मी तिचा फोन उचलणं सोडलं. मग २०२१ आलं, आणि त्या एप्रिलमध्ये ती गेली. तेव्हा कुणाच्याच मयतीला जाता येत नव्हतं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. चूक कुणाची होती ते स्पष्ट व्हावं म्हणून.

आत्या डबा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "तिच्या घरात किती डबे असतील गं?"

"असतील वीसपंचवीस. चांगला संसार होता."

"मग ह्यो एक कशापायी मागत हुती?"

"तेच तर म्हणते मी. चिक्कू होती."

आत्या इतकी हसली की पदरातली झाकणं खाली सांडली. मेलेल्या माणसाने असं हसणं चांगलं दिसत नाही. मी तसं बोलून दाखवलं.

१७ डिसेंबर, बुधवार

रात्री झोप नाही. शुभांगी चिक्कू नव्हती. जेवताना माझ्या पोळीवर तूप तीच घालायची.

२० डिसेंबर, शनिवार

आज आत्या स्टुलावर नव्हती, दारात उभी होती. "चल, दाखवते," म्हणाली आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे बरीच माणसं होती. मी कुणाला दिसत नव्हते, तेव्हा मी मेलेली असणार हे समजले. मला इकडचं तिकडचं बोलायची सवय नाही.

सगळे रांगेत, अगदी शिस्तीत. अश्विनी पुढे होती. डब्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि ज्याचा असेल त्याने पुढे येऊन घ्यायचा. "हा माझ्या सासूबाईंचा." "ही आमची परात, नेहाच्या बारशापासून शोधतोय." कुणी वाईट बोलत नव्हतं. कुणी रडतही नव्हतं. भांडी बघून आनंदच होत होता सगळ्यांना. बघता बघता फळ्या रिकाम्या झाल्या. शेवटी ओट्यावर एक चमचा उरला. अश्विनी म्हणाली, "हा तरी मार्थाताईंचा असेल, आठवण म्हणून ठेवू." तिने तो उलटा केला. त्यावर राहाता स्टँडवरच्या एका हॉटेलचं नाव होतं.

तो चमचा माझ्या पर्समध्ये चुकून आला होता. १९८६ साली. बस सुटत होती.

मी रांगेत कलाबाईंना शोधलं. सगळ्यात जास्त डबे त्यांचे. त्या नव्हत्या.

"कलाबाई का नाही आल्या?"

आत्याने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "पुन्याला असती ना ती. तिला कुनी कळवलंच न्हाई. तुमचं काय हुतं एकमेकीचं, ते कुनाला म्हाईत?"

मग कुकरची शिट्टी झाली आणि माझं स्वयंपाकघर पूर्वीसारखं भरलेलं दिसलं. मी फळ्यांपाशी गेले. एकेक नाव वाचलं. खरंच, या घरात माझं आडनाव, आढाव, कुठेच लिहिलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

उपासनेहून येताना बाजारात गेले. मैदा, रवा, खोबरं, खसखस, साजूक तूप. वनस्पती नव्हे, साजूक. दुकानदाराने दोनदा विचारलं. मी म्हटलं, ऐकू कमी येतं का? मी बदलले वगैरे काही नाही. भांड्यांना फार दिवस वापराविना ठेवलं की ती काळवंडतात, एवढंच.

सगळे डबे ओट्यावर काढले. आणि आत्या म्हणत होती ते खरं निघालं. डबे साठ-सत्तर, झाकणं त्याहून कमी, आणि जी आहेत ती भलत्याच डब्यांची. दुपार त्यातच गेली. शेवटी भिंतीवरून हाक मारली.

कलाबाई पदर खोचून आल्या आणि ओट्याकडे बघून दारातच थांबल्या. "आयो. दुकान काढलं का काय, बाई?"

"झाकणं लावायची आहेत. मदत करणार असाल तर बोलू नका."

त्या बोलल्याच. एकेक डबा ओळखून. "ह्यो सम्राटच्या दहावीचा. ह्यो मला डेंगी झाला तवाचा, तवा बी दिला का मी? कमालच हाय." अकरा निघाले त्यांचे. मी वाट बघत होते, आता टोमणा येणार. तो आला नाही. म्हणून मीच विचारलं, तुम्ही कधी मागितले का नाहीत?

"मागायचे कशाला?" त्या झाकण दाबत म्हणाल्या. "डबं संपलं असतं तर नवं घेतलं असतं. तुमच्याकडं गेला म्हनजे त्यो भिंतीपल्याड हाय. लांब कुठं गेला?"

२२ डिसेंबर, सोमवार

दिवसभर करंज्या. कलाबाईंनी लाटल्या, मी भरल्या. त्यांचं म्हणणं, मी सारण कमी भरते. "अर्धी करंजी हवेची झाली, बाई. चावल्यावर फुस्स करंल." मग मी इतकं भरलं की दोन तुपात फुटल्या. त्या आम्ही खाल्ल्या. कलाबाईंनी एकच, शुगर म्हणून. नंतर अजून एक, नाताळ म्हणून.

नानकटाई बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणली. तिथे रांगेत मंडळातल्या चौघी होत्या. माझ्या डोक्यावर पाटी बघून कुणी खोकलं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी रिक्षाने डबे वाटले. अश्विनीच्या घरी सहा दिले. तिने दार उघडलं, डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मार्थाताई, तब्येत बरी आहे ना? रिपोर्ट काय आले?"

"कसले रिपोर्ट?"

"नाही, म्हणजे… सहजच."

घरी येऊन तास झाला नाही तोच पाळकसाहेब पवित्र शास्त्र घेऊन हजर. आजाऱ्यासाठीची प्रार्थना करायला आले होते. मी त्यांना सांगितलं, मी ठणठणीत आहे, आणि डबा परत केल्यावर माणूस मरतो असं तुमच्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय? ते ओशाळले. म्हणाले, आलोच आहे तर प्रार्थना करतो. मी म्हटलं, करा, पण मी फक्त प्रार्थना करून सोडत नाही, बसा आणि करंज्या खा. चार खाल्ल्या. बाई, छान झाल्यात, म्हणाले. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की तोंडात घास असताना बोलू नये. मी सांगितलं.

संध्याकाळी सगळे दिवे लावले, व्हरांड्यातला पिवळा बल्बसुद्धा. ढोलकीचा आवाज जवळ आला, आमच्या घराशी आला आणि सरळ पुढे गेला. इतक्या वर्षांची सवय त्यांना. मी फाटकाशी पळत गेले. आवाज एक्स्चेंजमध्ये कमावलेला आहे. "अहो गाणारे, इकडे. हे काय अदृश्य घर आहे का?" ढोलकी थांबली. सगळे वळून बघत राहिले. मग एकजण म्हणाला, "आढावबाईंच्या घरी कुठलं गाणं म्हणायचं? इथलं ठरलंच नाही."

तीन गाणी म्हटली. कलाबाई भिंतीशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, चुकीच्या ठेक्यात. माझं डोकं दुखलं नाही. ढोलकी चांगल्या कातड्याची असावी.

२४ डिसेंबर, बुधवार

एक डबा उरला होता. शुभांगीचा. झाकण नव्हतंच त्याचं. करंज्या भरून वर वर्तमानपत्र बांधलं आणि सावेडीला तिच्या घरी गेले. रस्ताभर परत फिरावंसं वाटत होतं. मेलेल्या बाईचा डबा घेऊन तिच्या नवऱ्यापुढे काय म्हणून उभं राहायचं?

राऊतांनी दार उघडलं. फार थकलेत. मला ओळखायला वेळ लागेल वाटलं होतं. त्यांनी आधी डबा ओळखला.

"मार्थाताई," म्हणाले, "आलात होय. या." आणि मला तिथेच सोडून आत गेले. आतून फळीवरची भांडी सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं चहा ठेवतायत. ते झाकण घेऊन आले. पितळी कडीचं, वर शुभांगीचं नाव.

"ही नेहमी म्हणायची, हे झाकण दुसऱ्या कशाला लावू नका. मार्था डबा घेऊन येईल तेव्हा लागेल. आली की दोन दिवस ठेवूनच घेते तिला." ते हसले. "आम्ही तुमच्यासाठी गादीसुद्धा वेगळी करून घेतली होती."

मी वर्तमानपत्र सोडलं. त्यांनी झाकण ठेवून दाबलं. बसलं.

परत येताना रिक्षावाल्याने जे सांगितलं ते दिलं.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

सकाळी उपासना. अश्विनी शेजारी येऊन बसली. माझ्या करंज्या तिच्या सासूबाईंनी लपवून ठेवल्या, कुणाला मिळू देत नाहीत, अशी तक्रार केली. मी म्हटलं, डबा मात्र रिकामा करून घे त्यांच्याकडून. माणसं फार डबे अडकवून ठेवतात.

दुपारी कलाबाईंचे अकरा डबे भिंतीवर मांडले. दहांत चकल्या, चिवडा, शेव. एकात करंज्या, सुनेसाठी. त्यांनी बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "आता एवढं पुन्याला कुठं नेऊ, बाई? सम्राटचं घर दोन खोल्यांचं. भांडं ठिवायला जागा न्हाई. एक नेते. बाकी राहू द्या तुमच्याकडंच."

"मी भरून परत करते आहे, आणि तुम्ही मला ते परत देता? ही कुठली रीत?"

"मग रिकामे करून देते की. बसा."

दोघींनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्टुलं टाकली. तिकडून सम्राटचा फोन आला तेव्हा कलाबाईंच्या तोंडात चकली होती. "कोन? न्हाई, काम चाललंय. भांडी मोकळी करायला लागलोय," म्हणाल्या.

आत्या आली नाही. स्टूल मी बाहेर नेलं होतं म्हणूनही असेल.

२७ डिसेंबर, शनिवार

आयुष्यात पहिल्यांदा भांड्याच्या दुकानात भांडं विकत घेतलं. डबा, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. मग मन घट्ट करून विचारलं, नाव घालायला अक्षरामागे किती?

"नाव फुकट, मॅडम. मशिनवर होतं. कितीही मोठं घाला."

कितीही मोठं. म्हणजे इतकी वर्षं मी कशासाठी थांबले होते? तरी कागद मागून घेतला आणि लिहून दिलं: मिस मार्था दाविद आढाव, निवृत्त पर्यवेक्षक, टेलिफोन एक्स्चेंज, नगर. मुलगा म्हणाला, डब्याला दोन फेरे होतील. मी म्हटलं, होऊ देत. झाकणावरही घाला. झाकण वेगळं पडलं तर कळलं पाहिजे कुठलं ते.

२८ डिसेंबर, रविवार

टेम्पो सकाळीच आला. सम्राटने सामान चढवलं. गॅस, गादी, बाबासाहेबांची तसबीर चादरीत गुंडाळून पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर. कलाबाई चढल्या. मी डबा दिला. भाजणीच्या चकल्या होत्या, माझ्या हातच्या, दोन जळक्या.

"डबा परत हवा मला," मी म्हटलं.

सम्राट म्हणाला, "आंटी, कुरिअरने पाठवतो ना लगेच."

"कुरिअर चालणार नाही. आणि लगेच तर मुळीच नको. नवा आहे, आपटेल. भरून, हातात द्यायचा."

सम्राटला समजलं नाही. कलाबाईंनी डब्यावरचं नाव बोटाने चाचपत एक फेरा पूर्ण वाचलं, मग दुसरा. हसल्या. "पार पत्ताच घातलाय की, बाई. हरवायची सोय न्हाई ठिवली."

टेम्पो वळेपर्यंत फाटकाशी होते. दुपारी शिट्टी झाली नाही. मग मीच कुकर लावला. वाटीभर भात, पण तीन शिट्ट्या होऊ दिल्या.

३१ डिसेंबर, बुधवार

पतसंस्थेची डायरी आज संपते. पुढचे वार बघितले. २०२६ ला २०१५ ची चालेल. ती ट्रंकेत आहे.

स्वयंपाकघर मोकळं दिसतं. सकाळी फळी पुसताना एक झाकण जास्तीचं सापडलं. जुनं, पितळी, कशालाच बसेना. स्टुलावर ठेवून जेवायला बसले. उठून बघते तर नाही. मांजराने नेलं म्हणावं तर मांजराला झाकणाचा काय उपयोग? असो. तिचं एक तरी सापडलं.

संध्याकाळी फोन वाजला. कलाबाई. बाळ रडत होतं, मागे कुकर होता, मोठा. बोलता बोलता किती वेळ गेला मी बघितलं नाही. सुनेला माझ्या चकल्या आवडल्या, जळक्यासुद्धा. पुण्यात शेजारी दार लावून बसतात, भिंत कुठे आहे तेच कळत नाही. मग म्हणाल्या, "आन बाई, तुमचा डबा हितं राहिलाय. घिऊन जा की एकदा."

मी पटकन काही बोलले नाही. आधी वाटलं, लाइनवर दुसरंच कुणी आलं. एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं.

"हॅलो, बाई? हाय का?"

"आहे," मी म्हटलं. "रविवारी येते. गादी घालून ठेवा."

उद्या स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा विचारीन. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. आणि डबा चांगल्या जाड पत्र्याचा आहे. असा दुसऱ्याच्या घरी टाकून चालत नाही.